ठरलेला खोकला

पियानो हे वाद्य नव्हे, ती एक जबाबदारी आहे आणि ती पेलायला घरात तीन पिढ्यांचं संगीत मुरलेलं असावं लागतं, असं एबो मामा गेली पस्तीस-चाळीस वर्षं सांगत आले होते. सांगताना ते पियानोच्या माथ्यावर तळहात टेकीत. माथ्यावर बहुतेक वेळा शितोच्या तिखटाची बरणी, इस्त्रीचे कपडे आणि क्वामिनाच्या जनरेटरचा एखादा सुटा भाग असे, त्यामुळे आधी तळहातापुरती जागा करावी लागे. तीन पिढ्यांपैकी पहिली पिढी मासळी वाळवत असे, हे ते सांगत नसत.

पट्ट्यांवरच्या झाकणाची पितळी किल्ली मामांच्या जाकिटाच्या खिशात असायची. सकाळी सहाला, घर जागं व्हायच्या आत, ते झाकण उघडीत. संध्याकाळी सहाला सगळ्यांकडे पाठ करून बंद करीत, किल्ली लावीत आणि खिशावर दोनदा थाप मारीत. रविवारी झाकण बंदच. रविवारी चर्चचा ऑर्गन होता आणि देवाला एका दिवशी दोन वाद्यं लागत नाहीत, असा मामांचा हिशेब.

ईस्टरच्या जेवणात मामांनी जाहीर केलं की आता एकोणऐंशी झाली, यंदाच्या पियानोच्या परीक्षेनंतर किल्ली, आणि तिच्याबरोबर पियानोची बाहेरची खोली, पुढे द्यायची. कुणाला, हे परीक्षाच ठरवील. मान्सा पास झाली तर किल्ली इसाबाला. नापास झाली तर फीफीला. एवढं बोलून त्यांनी पानात उकडलेली मक्याची केंके सोलायला घेतली आणि टेबलाभोवतीच्या माणसांचे दोन पक्ष पडले.

क्वामिनाचा पक्ष कुठलाच नव्हता. तो मामांचा सख्खा मुलगा असल्यामुळे किल्लीशी त्याचा संबंध नव्हता. आमच्याकडे मामाचं भाच्यांना जातं. मुलाला बापाकडून नाक मिळतं आणि क्वामिनाला ते भरपूर मिळालं होतं. इसाबा आणि फीफी ही मामांच्या दोन बहिणींची मुलं. इसाबाची आई कधीच गेली. फीफीची आई, म्हणजे इसाबाची कुकुआ मावशी, चांगली हयात होती आणि खोकत होती.

इसाबा तेवीस वर्षं त्या बाहेरच्या खोलीत मुलांना शिकवत होती. आमच्या केप कोस्टातल्या निम्म्या चर्चचे वादक तिच्या हाताखालून गेले होते. उरलेल्या निम्म्यांबद्दल ती म्हणायची की ते ऐकूनच कळतं. फीफीने राजधानीत, आक्रात, चार वर्षं काढून तिथली विद्या आणली होती. तिच्यात पियानोच्या जागी आठ इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड, आठ हेडफोन आणि एक मोबाइल असं सगळं बसत होतं. खोली मिळाली की जुना पियानो चर्चच्या कोठारात न्यायचा, हे त्याने मोजपट्टी लावून ठरवलं होतं. इसाबासाठी त्याने दाराजवळ एक खुर्चीही योजली होती. तिथे बसून तिने मुलांची हजेरी घ्यावी. त्याला हे खरोखरच आदराचं वाटत होतं.

आणि मान्सा होती नऊ वर्षांची, फीफीच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. आई ताकोराडीला इस्पितळात नर्स, म्हणून पोर आजीजवळ, म्हणजे कुकुआ मावशीकडे राहायची. सगळी परीक्षा तिच्या एकटीवर येऊन पडली, कारण यंदा परीक्षेला बसणारी ती एकटीच होती. असं का झालं, त्याला गेल्या वर्षीची खोटी परीक्षा कारणीभूत होती.

खोटी परीक्षा हा मामांचा शोध. दहा वर्षांचे असताना ते स्वतः परीक्षेला बसले होते, तेव्हा वाजवायच्या तुकड्याच्या ऐन मध्यात सभागृहात एक बकरी शिरली. मामा थांबले. परीक्षकांनी बकरीला काही विचारलं नाही, मामांना नापास केलं. तेव्हापासून मामांचं मत असं की जे मूल गोंधळात वाजवील ते शांततेत वाजवीलच वाजवील. म्हणून परीक्षेआधीच्या शनिवारी सगळे नातेवाईक बाहेरच्या खोलीत जमायचे. मामा काळा सूट घालून परीक्षक व्हायचे आणि मूल वाजवत असताना बाकीच्यांनी जमेल तसा व्यत्यय आणायचा. शनिवार असल्यामुळे बरीच मंडळी कुठल्या ना कुठल्या अंत्यविधीहून थेट यायची, काळ्या-तांबड्या कपड्यांत, डोळे पुसत. मुलांना वाटायचं, ही आपल्याच वाजवण्याची पूर्वतयारी आहे.

गेल्या वर्षी फीफीने त्या खोलीत एक स्पीकर आणला होता. तो स्पीकर माणसाच्या छातीइतका उंच होता. नियमात कुठे बसत नाही, असं त्याने विचारलं आणि नियम नव्हतेच. दोन मुलं रडत घरी गेली, एक पियानोखाली गेलं. यंदा त्यांच्या आयांनी निरोप पाठवला की मुलं सध्या पोहायला शिकताहेत.

म्हणून या खेपेला इसाबाने तह घडवून आणला. प्रत्येकाने वाटेल तेव्हा वाटेल तसा गोंधळ करायचा नाही. फक्त मोठ्या तुकड्यात, ठरल्या जागी, ठरलेल्या माणसाने, ठरलेला आवाज करायचा. तुकडा होता एक संथ नाच, तीन मात्रांचा. त्यात सुरुवातीला एक लांब सूर येतो, तिथे शार्लट मामीने पातेल्यावरचं झाकण पाडायचं. मधला भाग संपून पहिली चाल परत यायच्या आधी कुकुआ मावशीने खोकायचं. शेवटच्या आठ सुरांआधी क्वामिनाने अंगणातला जनरेटर सुरू करायचा. बाकीच्या वेळी सगळ्यांनी गप्प बसायचं. कागदावर सह्या झाल्या. फीफीनेही केली, कारण आई समोर बसली होती. शिवाय एका शनिवारी भागणार नाही, ओळीने तीन शनिवार तालीम व्हावी, हेही इसाबानेच घातलं. तिला नशिबावर काही सोडायचं नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी खोली गच्च भरली होती. खाडीपलीकडच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांना पोचवून आलेली माणसं भिंतीला टेकून उभी होती. मामांनी चष्मा लावला आणि मान्साला परक्यासारखं पाहिलं.

"नाव?"

"नाना, तुम्हाला माहीत आहे."

"परीक्षकाला माहीत नसतं."

मान्साने नाव सांगितलं. मामांनी ते वहीत लिहिलं. स्पेलिंग चुकवलं, कारण खरे परीक्षक चुकवतात.

मग तिने आधी सुरांच्या चढत्या-उतरत्या स्केल वाजवल्या, मग छोटा तुकडा, मग तो संथ नाच. लांब सूर आला, आतून पातेल्याचं झाकण पडलं, सूर सुटला, चाल पुढे गेली. मधला भाग संपला. मान्साने हात उचलले. कुकुआ मावशी खोकली: दोन कोरडे, एक लांब आणि शेवटाला "हे प्रभू." हात खाली आले, पहिली चाल परत आली. शेवटच्या वळणावर जनरेटर धडधडला आणि त्या धडधडीवर आठ सूर एका ओळीत उतरले. पोस्टमास्तरांच्या विधवेनेसुद्धा टाळ्या वाजवल्या.

तेवीस वर्षांत इतकं बिनचूक इसाबाकडे कुणी वाजवलं नव्हतं. तिला एकच गोष्ट कळत नसे. शनिवारी जिथे मान्साचा हात अडायचा, तिथे सोमवारी तेवढाच भाग घेताना तो सुटलेला असायचा. ती याचं श्रेय शनिवारच्या आपल्या बोलण्याला देत होती.

जेवताना कुकुआ मावशी जरा ताठच बसली होती. आपला खोकला आजवर सगळ्यांनी हाकलला. चर्चमध्ये लोक तिच्यापासून दोन बाक सोडून बसत. आता तोच खोकला कागदावर सहीशिक्क्यानिशी आला होता. बाकीचा खोकला दाबायला ती दिवसभर आलं चघळत होती आणि नेमलेल्या जागेसाठी ताजा ठेवत होती.

"खोकला जागेवर पडला पाहिजे," ती मासळीचा काटा काढत म्हणाली, "नाहीतर खोकतात काय, सगळेच."

फीफीने टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून तिची नक्कल केली. दोन कोरडे, एक लांब, "हे प्रभू." लहानपणापासून तो ती करत आला होता आणि आवाज इतका हुबेहूब होता की शार्लट मामीने न बघताच मावशीपुढे पाण्याचा पेला सरकवला. मावशीने पेला बाजूला ठेवला आणि टॉवेलाने मुलाच्या डोक्यात एक हाणली. अडतीस वर्षांच्या, आक्राहून शिकून आलेल्या माणसाला बायकोसमोर टॉवेल बसला, की तो काही वेळ विनोद करत नाही.

त्या संध्याकाळी मान्साला चार जणांनी चार कोपऱ्यांत गाठलं. मामांनी सांगितलं की परीक्षकाकडे बघायचं नाही. शार्लट मामीने सांगितलं की सारखं बघायचं आणि हसायचं. इसाबाने सांगितलं की काहीही झालं तरी तू स्वतः मध्ये आवाज करायचा नाहीस, शिंक आली तरी गिळायची. प्रत्येक सल्ल्यागणिक मान्सा शेंगदाण्याची एक चिक्की घेत होती आणि प्रत्येकाला हो म्हणत होती.

चौथा फीफी. तो तिला स्वयंपाकघराच्या बोळात भेटला आणि दोन चिक्क्या घेऊन आला होता.

"हे बघ, पोरी," तो म्हणाला, "नापास झालीस तर जग बुडत नाही. पुढच्या वर्षी माझ्याकडे ये. तुला गुलाबी हेडफोन देईन. तू वाजवलेलं तुझं तुलाच ऐकू येईल, बाहेरचं काहीही नाही."

"खोकलासुद्धा नाही?"

"खोकलासुद्धा नाही."

मान्साने चिक्की तोंडात धरून विचार केला. "मग मला कळणार कसं?"

"काय कळणार?"

पण तेवढ्यात तिला आजीची हाक आली. फीफी हसला. पोरं काहीही विचारतात. मोटारीपर्यंत जाताना तो प्रश्न त्याच्या पायात खड्यासारखा टोचत राहिला, पण त्याने तो काढून बघितला नाही. त्याला आठ हेडफोनांची मागणी नोंदवायची होती. खरं तर ती त्याने शुक्रवारीच नोंदवली होती.

मंगळवारी सकाळी इसाबाने पहिला हुकूम काढला, तो कुकुआ मावशीने घरी राहायचा. टेकडीवरच्या शाळेत परीक्षक बाई परदेशातून आल्या होत्या. तिथे मावशीला भलत्या वेळी उबळ आली तर?

"तीन आठवडे खोकले ते काय फुकट?" मावशी म्हणाली.

"मावशी, ती तालीम होती. आज खरी परीक्षा."

"मग खऱ्याला खोकला नको होय? चांगलं आहे. लग्नाला नवरा नको, वरातीला हवा."

शार्लट मामीही घरीच राहिली, कारण पातेली तिथे नेता येत नव्हती. क्वामिना जनरेटरपाशी राहिला. टेकडीवर गेले ते फीफीच्या मोटारीतून फीफी, इसाबा, मान्सा आणि काळा सूट घातलेले मामा. मामा पुढे बसले. फीफीने मोटार का दिली, याचं कारण त्याने असं सांगितलं की भाची माझी आहे, मामाने तिला टॅक्सीने पाठवायचं का? यावर इसाबा मोटारीत जाऊन बसली. ते खरंच होतं.

शाळेच्या मुख्याध्यापिकेने त्या दिवशी कमाल केली होती. घंटा बंद. पंखा बंद, कारण तो किरकिरतो. माळ्याला सुट्टी. अंगणात फिरणाऱ्या कोंबड्या दोरीने बांधून पलीकडच्या आवारात नेलेल्या. फाटकावरच्या केंकेवालीलाही आज ओरडून विकू नकोस म्हणून सांगितलं होतं आणि ती बिचारी गिऱ्हाइकांकडे नुसती बघत होती. सभागृहाच्या खिडक्यांना काचेच्या पट्ट्या होत्या, त्या उघड्या. खिडकीखालच्या बाकावर तिघं ओळीने बसली. आतून कागद उलटल्याचासुद्धा आवाज येत होता.

"छान शांतता आहे," मामा कुजबुजले. "हिला अगदीच सोपं जाणार."

मान्साला आत गेल्यावर पहिल्यांदा वाटलं की आपले कान बंद झाले. तिने एकदा आवंढा गिळून पाहिला. परीक्षक बाई लहानशा होत्या, पेन्सिल घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसल्या होत्या. त्यांनी तिचं नाव विचारलं आणि बरोबर लिहिलं, तेव्हाच मान्साला वाटलं की इथे काहीतरी चुकतंय.

स्केल झाल्या. छोटा तुकडा झाला. संथ नाच सुरू झाला. लांब सूर आला. पातेल्याचं झाकण पडलं नाही. तिने सूर थोडा धरला, आणखी धरला, कुणास ठाऊक, मामी ओट्याकडे वळत असेल. मग सूर आपणच विझला आणि ती पुढे निघाली.

मधला भाग संपला. तिने हात उचलले आणि ती थांबली.

बाहेर बाकावर इसाबाने मनात मात्रा मोजल्या. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. विसरली. नाही, ही विसरणारी नव्हे. शनिवारी ती डोळे मिटून वाजवत होती. एक, दोन, तीन. मग तिला तो सह्यांचा कागद दिसला, तिच्याच अक्षरातला: 'चाल परत येण्याआधी, खोकला.' गोंधळात वाजवायला शिकवता शिकवता तिने पोरीला गोंधळ वाजवायला शिकवला होता.

तिने खोकायचा प्रयत्न केला. पण बाहेर आला तो वर्गात बोट दाखवून मुलाला गप्प करताना बाईंच्या तोंडून निघतो तसला आवाज. आत मान्साने तो ऐकला आणि ती अधिकच ताठ बसली.

"का थांबली?" मामांनी विचारलं.

"खोकल्यासाठी."

"कुणाच्या?"

इसाबा फीफीकडे बघत होती.

फीफीला आता तो बोळातला प्रश्न कळला होता. मग मला कळणार कसं. तो बाकाच्या टोकाला बसला होता आणि त्याला काहीही करायचं नव्हतं. काही न करणं हे इतकं सोपं काम त्याच्यावर आयुष्यात कधी आलं नव्हतं. आणखी पाच-सहा क्षण गप्प बसलं की खोली त्याची, भिंत त्याची, आठही की-बोर्ड ओळीत. आणि इसाबाताई दाराजवळच्या खुर्चीत हजेरी घेतेय. आत्तापर्यंत ही खुर्ची त्याला आदराची वाटत होती. आता ताईच्या चेहऱ्याकडे बघताना ती तशी दिसेना. काचेच्या फटीतून मान्साची वेणी दिसत होती आणि वेणीखालची मान. ती खिडकीकडे वळत नव्हती. कुणीतरी करील, याची तिला खात्री होती.

"ताई," तो हळूच म्हणाला, "मी काही करत नाहीये, हे लक्षात ठेव."

मग तो उठला, खिडकीशी गेला आणि खोकला. दोन कोरडे, एक लांब. "हे प्रभू."

पहिली चाल परत आली. इतक्या अचूक आली की जणू खोकल्यालाच जोडून लिहिलेली होती.

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांना रडू का येतंय हे त्यांना कळलं नाही, म्हणून त्यांनी चष्मा पुसला. इसाबाने मात्र फीफीची बाही पकडली.

"जनरेटर," ती म्हणाली.

त्याच्याही लक्षात आलं. शेवटचं वळण आणखी बारा मात्रांवर होतं. त्याने खिशातून मोटारीची किल्ली काढून तिच्या हातात कोंबली, कारण समोरच उभ्या मोटारीच्या बाजूला ती होती. इसाबाला मोटार चालवता येत नव्हती, पण चालवायची नव्हतीच. तिने दार उघडलं, अर्धी आत बसली, किल्ली फिरवली आणि सापडेल त्या पायपट्टीवर तेवीस वर्षांची सगळी शिकवणी घालून पाय दाबला. फीफीच्या जुन्या ओपेलने मरताना ओरडावं तशी गर्जना केली. पलीकडच्या आवारात बांधलेल्या कोंबड्या एकदम बोलू लागल्या. केंकेवालीला वाटलं, बंदी उठली. तिने हाळी घातली.

त्या सगळ्यावर आठ सूर शांतपणे एका ओळीत उतरले.

थोड्या वेळाने दार उघडून परीक्षक बाई बाहेर आल्या आणि इथे कुणी आजारी आहे का, असं त्यांनी काळजीने विचारलं. मामा उभे राहिले, सूटची बटणं लावली आणि म्हणाले की नाही, आम्ही सगळे ठणठणीत आहोत.

परतताना मान्सा मोटारीत मागे बसून चिक्की खात होती. मध्येच ती म्हणाली, "फीफीमामा, 'हे प्रभू' जरा लवकर झालं."

"पुढच्या वेळी सांभाळीन," फीफी म्हणाला.

निकाल सहा आठवड्यांनी आला. मान्सा पास झाली, तीही वरच्या वर्गात. खाली शेरा होता. पहिली चाल परत येण्याआधी मुलीने घेतलेला दीर्घ विराम धाडसी आणि वयाच्या मानाने विलक्षण परिपक्व होता, असं बाईंनी लिहिलं होतं. बाहेरच्या आवाजांनी ती जराही विचलित झाली नाही, हेही लिहिलं होतं. मामांनी तो कागद चार वेळा वाचून दाखवला. चाळीस वर्षं मी दुसरं काय सांगतोय, असं ते प्रत्येक वेळी म्हणाले. इसाबाने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्हीदा फीफीने तिच्यापुढे सोबोलोच्या सरबताचा पेला धरला.

किल्ली देण्याचा समारंभ शनिवारी दोन अंत्यविधींच्या मधल्या वेळात ठेवला. फीफीचे आठ हेडफोन आले होते. त्याने ते शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत लावायचे ठरवले. इसाबाताईने आठवड्यातून दोनदा तिथे यावं असं त्याने सांगितलं. हजेरी घ्यायला नाही, शिकवायला. कुकुआ मावशी मुलाकडे फार प्रेमाने बघत होती. तिच्या गैरहजेरीत तिचा खोकला गाजला, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं.

मामांनी भाषण केलं. पियानो हे वाद्य नव्हे, इथपासून ते तीन पिढ्यांपर्यंत. मग जाकिटाच्या खिशातून किल्ली काढून त्यांनी इसाबाच्या तळहातावर ठेवली, तिची बोटं मिटवली आणि ते चटकन खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. तेवीस वर्षं ती त्या झाकणासमोर बसली होती, पण ते तिने कधी उघडलं नव्हतं. ती यायची तेव्हा ते उघडलेलंच असायचं. किल्ली भोकात गेली, पण फिरेना. तिने जोर लावला. क्वामिना तेल आणायला निघाला.

"तशी नाही, मावशी," मान्सा म्हणाली आणि तिने एका बोटाने झाकण वर केलं.

मामा समुद्राकडे बघत राहिले.

"तुला कसं माहीत?" इसाबाने विचारलं.

"रविवारी नाना झोपले की मी वाजवते ना."

"रविवारी." इसाबाला तिचे सगळे सोमवार आठवले. "आणि मग खोकतं कोण?"

"मीच खोकते. पण परीक्षेत तूच नको म्हणाली होतीस."

इसाबाने किल्ली भोकातून काढली, थोडा वेळ हातात धरली आणि जाकीट नसल्यामुळे कमरेच्या गाठीत खोचली. मग ती पट्ट्यांसमोर बसली आणि तिने मान्साला शेजारी बसवलं.

ताकोराडीच्या धक्क्यावरून पियानो आणला, त्याच दिवशी ट्रकमधून उतरवताना कुलूप मोडलं होतं.